रिकाम्या खंडातले सोबती

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात मधोमध, वरच्या अंगाला नॉर्दर्न टेरिटरी नावाचा प्रांत आहे. क्षेत्रफळ सुमारे १३.५ लाख चौरस किलोमीटर. चार महाराष्ट्र त्यात मावतात आणि तरी जागा उरते. वस्ती मात्र साधारण अडीच लाखांची. आपल्या वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच १२ लाखांवर गेली होती. म्हणजे शहरातल्या दर पाच माणसांपैकी चौघांना बाजूला काढायचं आणि उरलेल्यांना चार महाराष्ट्रांहून मोठ्या मुलखावर विखरून टाकायचं, तेव्हा कुठे तिथला मोकळेपणा डोळ्यांपुढे येतो.

अशा या देशात जगभरातली हजारो तरुण मुलंमुली दर वर्षी पाठीवर सॅक टाकून उतरतात. बरीच जण एकटी येतात आणि थोड्याच दिवसांत एकटी उरत नाहीत. जर्मनीची मुलगी, आयर्लंडचे दोघे, कोरियाचा एक, असे कालपर्यंत एकमेकांचं नावही न ऐकलेले लोक एका जुनाट व्हॅनमध्ये बसतात आणि हजारो किलोमीटर एकत्र जातात. जिथे मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही, तिथेच माणसं इतक्या लवकर एकमेकांची होतात, याचं मला फार नवल वाटतं. हा नुसता तरुण वयाचा मोकळेपणा नाही. त्यामागे त्या खंडाचा पाऊस आहे, इतिहास आहे, सरकारी नियम आहेत आणि चक्क स्वयंपाकघरातली एक फळीही आहे. २०२४पासून ही वाट भारतातल्या तरुणांनाही खुली झाली, म्हणून ती मुळापासून समजून घ्यावीशी वाटते.

पाचूबंदरच्या माणसाला यातलं मर्म पटकन कळेल. वसईच्या खाडीच्या तोंडाशी, किल्ल्याला खेटून वसलेल्या या कोळीवाड्यातून बोट निघते ती तांडेल आणि खलाशी मिळून. डोल जाळं लावणं, भरलेलं जाळं ओढून घेणं ही एकट्याच्या हातची कामं नव्हेत. भर समुद्रात इंजिन बंद पडलं, तर जवळची बोट दोर टाकते. ती कुणाची, हे त्या वेळी कुणी विचारत नाही. ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग हा असाच एक समुद्र आहे, फक्त कोरडा.

पाऊस कुठे गेला?

वसई विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंशांवर आहे. जवळपास तितकंच दक्षिणेला गेलं, की ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीक नावाचं गाव लागतं. दोन्हीकडे सूर्य सारखाच तळपतो. पण वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर टेनंट क्रीकला सरासरी पाचशेही होत नाही. आणि हे गाव तिथल्या मानाने बऱ्या पावसाचं म्हणायचं. अजून दक्षिणेला सरकलं, की आकडा अडीचशेच्या खाली उतरतो.

विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा आपली वाफ तिथेच ओतून टाकते आणि कोरडी होऊन दोन्ही बाजूंना खाली उतरते. ऑस्ट्रेलियाचा मोठा भाग नेमका या उतरत्या, कोरड्या हवेखाली येतो. पूर्वेकडून समुद्राची वाफ येते, पण किनाऱ्यालगतची ग्रेट डिव्हायडिंग रेंज ही डोंगररांग त्यातली बरीच अडवते. आपल्याकडे मोसमी वारे सह्याद्रीला धडकतात आणि हिमालयापर्यंत पोचतात. तिथे खंडाच्या मध्यभागी ढग अडवायला असा कुठला उंच पहाड नाही. म्हणून दहातली आठ-नऊ माणसं किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहतात आणि आतला सगळा मुलूख मोकळा पडतो.

पाणी कमी म्हणून गावं लांब लांब, आणि गावं लांब म्हणून पेट्रोल पंपही लांब. डार्विनपासून पोर्ट ऑगस्टापर्यंत खंडाला उभं चिरत जाणारा स्टुअर्ट हायवे सुमारे २,७०० किलोमीटरचा आहे. त्यावर ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी या टप्प्यात सुमारे २५० किलोमीटर एकही पंप नाही. वसईहून निघून सुरत मागे टाकावं आणि वाटेत एक चहाची टपरीसुद्धा लागू नये, तसं हे. पुढे लागतं ते कूबर पीडी गावही अजब. १९१५मध्ये तिथे ओपल हे रत्न सापडलं. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, म्हणून निम्मं गाव जमिनीखाली खोदलेल्या घरांत राहतं. प्रवाशांच्या मुक्कामाच्या खोल्याही तशाच, खडकाच्या पोटात.

वीस टन सामान

या खंडात वाटेवरचा सोबती म्हणजे काय, हे जिच्यावरून कळावं अशी गोष्ट १८६०ची आहे, आणि तिचं एक टोक आपल्याकडे आहे.

२० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून एक मोहीम निघाली. दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत खंड ओलांडायचा, हा तिचा हेतू. प्रमुख रॉबर्ट ओ'हारा बर्क हा पोलीस अधिकारी, तर विल्यम जॉन विल्स हा मोजणीचा जाणकार. बरोबर सुमारे वीस टन सामान होतं. त्यात जेवणाचं लाकडी टेबल आणि खुर्च्याही होत्या. ओझ्यासाठी जॉर्ज लँडेल्स या माणसाने हिंदुस्थानातून चोवीस उंट आणले होते. ते कराचीहून जहाजात चढवले गेले, आणि कराची त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत होती. उंटांबरोबर त्यांची निगा राखणारी माणसंही आली. त्यांतला दोस्त महंमद पुढे ऑस्ट्रेलियातच राहिला. मेनिंडी गावाजवळ आजही त्याची कबर आहे. हिंदुस्थानात लष्करी नोकरी केलेला जॉन किंग नावाचा आयरिश तरुणही लँडेल्सबरोबर आला होता.

निम्म्या वाटेवर कूपर्स क्रीकपाशी तळ पडला. तिथे काही माणसांना ठेवून बर्क, विल्स, किंग आणि ग्रे असे चौघे डिसेंबरमध्ये उत्तरेला निघाले. फेब्रुवारी १८६१मध्ये ते कार्पेंटेरियाच्या आखातापाशी पोचले. पाणी खारट लागत होतं, भरती-ओहोटी दिसत होती. पण पुढे तिवरांचं दाट जंगल आणि चिखल. समुद्र शेवटपर्यंत नजरेला पडलाच नाही. ज्यांच्या खाडीकाठी तिवरं आहेत, त्यांना त्या चिखलात पाय रुतणं म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको.

परतीच्या वाटेवर ग्रे दगावला. २१ एप्रिलच्या संध्याकाळी उरलेले तिघे कूपर्स क्रीकच्या तळावर पोचले, तर तळ रिकामा. चार महिन्यांहून जास्त वाट पाहून तिथली माणसं त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. चुकामूक झाली ती अवघ्या काही तासांची.

पुढचा भाग मला या सगळ्या मोहिमेपेक्षा मोठा वाटतो. कूपर्स क्रीकच्या काठी यांड्रुवांधा लोक राहत होते. ते या तिघांना मासे देत आणि नारडूच्या भाकऱ्याही. नारडू हे पाणथळ जागी उगवणारं, चार पाकळ्यांसारख्या पानांचं नेचं. त्याच्या कठीण, दाण्यांसारख्या भागाचं पीठ करतात. पण त्यात शरीरातलं 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट करणारं एक द्रव्य असतं. यांड्रुवांधा बायका ते भाजून, दळून, पाण्यात कालवून देत. गोऱ्या प्रवाशांनी पीठ तेवढं करायला घेतलं, बाकीची रीत शिकून घेतली नाही. पोट भरत असूनही त्यांची शक्ती ओसरत गेली ती त्यामुळेच, असा पुढच्या संशोधकांचा कयास आहे. त्यातच बर्क त्या लोकांशी फटकून वागला, एकदा तर त्यांना घाबरवायला त्याने बंदूकही झाडली. जूनअखेरीस किंवा त्याच्या आगेमागे बर्क आणि विल्स दोघेही गेले.

किंग एकटा उरला आणि यांड्रुवांधांच्या मागोमाग जाऊन त्यांच्यातच राहिला. तो त्यांच्यासाठी पाखरं मारून आणी. एका बाईच्या हाताला जखम झाली होती, ती त्याने धुऊन औषध लावून बरी करत आणली. त्या लोकांनी त्याला आपल्यातलं मानलं, खाऊ घातलं, राहायला जागा दिली. सप्टेंबरमध्ये आल्फ्रेड हॉविटची शोधतुकडी आली, तेव्हा किंग जिवंत होता. आखातापर्यंत जाऊन आलेल्या चौघांत तोच एक वाचला. वीस टन सामानाने जे साधलं नाही, ते वाटेत भेटलेल्या माणसांनी साधलं.

याच्या वीस वर्षं आधी, १८४१मध्ये, एडवर्ड जॉन आयर दक्षिण किनाऱ्यालगत पूर्वेकडून पश्चिमेकडे निघाला होता. त्याच्या सोबत्याचा वाटेत खून झाला. उरला वायली हा आदिवासी तरुण आणि तो स्वतः. वाळूच्या टेकड्यांत खड्डे खणून ते गोडं पाणी काढत आणि पहाटे झुडपांवरचं दव स्पंजने टिपून घेत. दोघंही थकून गेले असताना किनाऱ्याजवळ देवमाशांच्या शिकारीवर आलेलं एक फ्रेंच जहाज दिसलं. कप्तान रॉसिटरने त्यांना जहाजावर घेतलं, काही दिवस ठेवून घेतलं, शिधा आणि कपडे देऊन वाटेला लावलं. जुलैमध्ये आयर आणि वायली ऑल्बनीला पोचले. इंग्रज प्रवासी, आदिवासी तरुण आणि फ्रेंच जहाज; अशी ही सोबत. आज त्याच प्रवाशाच्या नावाच्या आयर हायवेने पाठीवर सॅक घेऊन फिरणारी बॅकपॅकर मंडळी जातात.

आणि ते उंट? पुढच्या पन्नास-साठ वर्षांत सिंध, बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तान इथून हजारो उंट आणि त्यांचे हाकणारे ऑस्ट्रेलियात गेले. लोकरीचे गठ्ठे, तारायंत्राचे खांब, दूरच्या वस्त्यांचा किराणा त्यांनीच वाहिला. तिथले लोक त्या सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, आणि ॲडलेडहून ॲलिस स्प्रिंग्जमार्गे डार्विनला जाणाऱ्या प्रसिद्ध रेल्वेगाडीला त्यांच्यावरूनच 'द घान' हे नाव पडलं. मोटारी आल्यावर मोकळे सोडलेले उंट वाढत वाढत लाखोंच्या घरात गेले. जगातले सर्वाधिक रानटी उंट आज ऑस्ट्रेलियात आहेत.

फळीवरचा तांदूळ

आजच्या प्रवाशांची गाठ पडते ती हॉस्टेलात. ही कल्पना रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाची. १९०९च्या ऑगस्टमध्ये तो मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला असताना वादळाने गाठलं. रात्र एका शाळेत, गवताच्या गादीवर काढावी लागली. त्या रात्री त्याच्या मनात आलं, की चालत फिरणाऱ्या मुलांसाठी गावोगावी अशी स्वस्त मुक्कामाची जागा का असू नये? १९१२मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा-हॉस्टेल सुरू झालं. ऑस्ट्रेलियात ही चळवळ १९३९मध्ये पोचली.

हॉस्टेलातली खोली म्हणजे चार, सहा, आठ दुमजली खाटा. न्हाणीघर सामाईक, स्वयंपाकघर सामाईक. या स्वयंपाकघरात एक फळी असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं, की हे कुणीही घ्या. उद्या विमानाने परत जाणारी मुलगी अर्धी तेलाची बाटली, मूठभर तांदूळ, मिठाचं पाकीट, कांदे तिथे ठेवून जाते. आज पोचलेला, खिशात बेताचे पैसे असलेला मुलगा तेच उचलून भात टाकतो. शेजारच्या शेगडीवर कुणी पास्ता उकळत असतं, त्याच्याकडे मीठ नसतं, याच्याकडे असतं. त्यातून पहिलं बोलणं होतं. एखादा मसाल्याचा डबा उघडला, की त्या वासाने निम्मं स्वयंपाकघर भोवती जमतं. पदार्थ वाटून खाणं हा तिथला कायदा नाही. पण प्रत्येकाजवळ थोडंथोडंच असतं आणि कुणाचंच जेवण त्यावर पुरं होत नाही, म्हणून वाटून घेणं आपोआप घडतं.

भिंतीवर चिठ्ठ्या लावलेल्या असतात. पर्थला निघालोय, दोन जागा आहेत, पेट्रोल वाटून. यातलं गणित सोपं आहे. ॲडलेड ते पर्थ साधारण २,७०० किलोमीटर. गाडी लिटरला दहा किलोमीटर गेली तर २७० लिटर पेट्रोल. लिटरमागे दोन डॉलर धरले, तरी ५४० डॉलर. एकट्याला हा आकडा जड जातो, चौघांत प्रत्येकी १३५ होतो. शिवाय गाडी चालवायला चार माणसं मिळतात, टायर बदलायला आठ हात मिळतात आणि तीन दिवस बोलायला तीन जण.

ही वाट जगाला पुस्तकातून दाखवली ती टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने. १९७२मध्ये ते लंडनहून जुनी गाडी घेऊन निघाले, ती अफगाणिस्तानात विकली आणि पुढे मिळेल त्या वाहनाने भारतातून बालीपर्यंत गेले. तिथून एका खासगी शिडाच्या बोटीवर जागा मिळवून ते पश्चिम ऑस्ट्रेलियात उतरले, आणि वाटेत भेटेल त्याच्या गाडीतून सिडनीला पोचले. तेव्हा खिशात उरले होते २७ सेंट. लोक वाट विचारत राहिले, म्हणून १९७३मध्ये त्यांनी एक छोटं पुस्तक छापलं. 'लोनली प्लॅनेट' ही प्रवास-पुस्तकांची मोठी कंपनी त्यातूनच उभी राहिली.

केळीच्या बागेतली जोडी

सोबत जुळण्याचं तिसरं कारण सरकारी आहे. १९७५मध्ये ऑस्ट्रेलियाने ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडातल्या तरुणांसाठी फिरता फिरता कामही करण्याची परवानगी देणारा व्हिसा सुरू केला. पुढे त्यात कितीतरी देश आले. या व्हिशावर पहिलं वर्ष मिळतं. शहरांबाहेर ठरावीक प्रकारचं काम तीन महिने केलं तर दुसरं वर्ष, आणि दुसऱ्या वर्षात तसंच सहा महिने केलं तर तिसरं. फळबागांना हंगामात हात हवे असतात आणि दूरच्या गावांत ते मिळत नाहीत, म्हणून ही योजना. तिचा न ठरवलेला परिणाम असा, की दहा देशांतली तरुण मुलं एकाच छोट्या गावात, एकाच कामावर, काही महिने एकत्र अडकून राहतात.

असं एक गाव म्हणजे क्वीन्सलंडच्या उत्तरेचं टली. ऑस्ट्रेलियातली बहुतेक केळी याच पट्ट्यात पिकतात. कोरड्या खंडाचा हा ओला कोपरा आहे. गावात ७.९ मीटर उंचीचा एक सोनेरी गमबूट उभा केलाय. १९५०मध्ये तिथे तेवढा, म्हणजे ७,९०० मिलिमीटर पाऊस पडला, त्याची ती खूण. मुंबईच्या सरासरीच्या तिपटीहून जास्त.

वसईच्या वाडीवाल्यांना केळीचं काम सांगायला नको. राजेळी केळी सुकवून सुकेळी करणारा हा तालुका आहे. तरी टलीतली लोंगर उतरवण्याची रीत बघण्यासारखी आहे. तिथला एक लोंगर चाळीस किलोच्या पुढेही जातो. जोडीतला एक जण लांब पात्याचा कोयता घेऊन खोडावर अर्धवट घाव घालतो. खोड तुटत नाही, हळूहळू वाकतं. लोंगर खाली येतो आणि दुसरा बरोबर त्याच्याखाली खांदा देतो. वजन खांद्यावर नीट बसलं, की पहिला दांडा छाटतो आणि दुसरा चिखलातून ट्रेलरकडे चालू लागतो. घाव खोल गेला तर लोंगर आदळतो, फळ डागाळतं. खांदा उशिरा लागला तर पाठ जाते. कालपरवा भेटलेल्या, एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी समजणाऱ्या दोघांना हे दिवसभर जमवावं लागतं. इतकं जमलं, की हंगाम संपल्यावर तेच दोघं मिळून गाडी घेतात, यात आश्चर्य नाही.

या कामाची दुसरी बाजूही माहीत असायला हवी. वजनावर किंवा पेटीवर मजुरी देण्याच्या पद्धतीत बॅकपॅकरांची बरीच पिळवणूक होत असे. एप्रिल २०२२पासून फळबागांच्या मजुरी-नियमात बदल झाला. आता पेटीवर काम केलं तरी तासाच्या किमान मजुरीची हमी आहे. देशाची किमान मजुरी १ जुलै २०२५पासून तासाला २४.९५ डॉलर झाली. तक्रार ऐकायला 'फेअर वर्क ऑम्बुड्समन' हे सरकारी कार्यालय आहे, आणि ते परदेशी कामगारांचीही दाद घेतं.

सरळ रस्ता, पाऊण तासाचं घड्याळ

हंगाम संपतो, गाडी निघते आणि पश्चिमेला जाणाऱ्यांना नलारबोर ओलांडावं लागतं. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचं हे सपाट पठार चुनखडीचं आहे, कारण तो कधीकाळचा समुद्रतळ आहे. शंखशिंपल्यांच्या थरांवरून चारचाकी धावते. बॅलडोनिया ते केगुना हा रस्त्याचा तुकडा १४६.६ किलोमीटर एका रेषेत आहे, एकही वळण नाही. उत्तरेला समांतर जाणारा रेल्वेमार्ग त्याहून वरचढ: ४७८ किलोमीटर सरळ, जगात सर्वांत लांब. सिडनी ते पर्थ ४,३५२ किलोमीटर जाणारी 'इंडियन पॅसिफिक' याच रुळांवरून धावते.

इथली काही छोटी ठाणी स्वतःचं वेगळं घड्याळ लावतात. ग्रीनिचच्या पुढे आठ तास आणि पंचेचाळीस मिनिटं. पूर्वेची वेळ आणि पश्चिमेची वेळ यांच्या मधोमध त्यांनी आपली सोय करून घेतली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर ताजी फळं, भाज्या, मध आत नेता येत नाही; कीड पसरू नये म्हणून तपासनीस गाडी उघडून पाहतात. त्यामुळे सीमेच्या अलीकडच्या मुक्कामात गाडीतला सगळा भाजीपाला एका पातेल्यात जातो आणि शेजारी थांबलेल्यांनाही जेवायला बोलावलं जातं. संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून शहाणे लोक अंधारात गाडी हाकत नाहीत. समोरून येणारा चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतो, कारण पुढच्या तासाभरात दुसरं कुणी भेटेलच असं नाही. जून ते ऑक्टोबरमध्ये कड्यावर उभं राहिलं, तर खाली समुद्रात पिल्लांना घेऊन आलेले देवमासे दिसतात.

ब्रूमची ओहोटी आणि किल्ल्यातली गोरखचिंच

पर्थहून दोन हजारांहून जास्त किलोमीटर उत्तरेला ब्रूम आहे. पाचूबंदरच्या मुलाला तिथे सर्वांत आधी काय जाणवेल? भरती. मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं. ब्रूमला ते दहा मीटरच्या जवळ जातं. सकाळी बोट जिथे तरंगत होती, तिथे दुपारी माणसं चिखलातून चालत असतात. ओहोटी अगदी खाली गेली, की गँथोम पॉइंटच्या खडकावर डायनासोरची पावलं उघडी पडतात. ती सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी उमटली. गंमत अशी, की त्याच सुमारास भारताचा भूखंड ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम कडेपासून सुटा होत होता. तोपर्यंत हे दोन्ही भूभाग गोंडवन या महाखंडात शेजारी शेजारी होते. ज्या प्राण्याने ते पाऊल टाकलं, त्याच्या काळी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये महासागर जेमतेम उघडू लागला होता. वसईच्या किल्ल्याखालचा काळा कातळ तर तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो लाव्हा त्यानंतर सहा-साडेसहा कोटी वर्षांनी वाहिला.

ब्रूमच्या आसपास बोआब नावाचं फुगीर खोडाचं झाड उभं असतं. वसईचा माणूस ते पाहताच ओळखेल. किल्ल्यात गोरखचिंचेची तशीच पोटुशी झाडं आहेत. दोन्ही एकाच कुळातली. या कुळाच्या आठ जाती आहेत: सहा मादागास्करच्या, एक आफ्रिकेची, एक ऑस्ट्रेलियाची. २०२४मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासानुसार हे कूळ मादागास्करला उगम पावलं आणि त्याची फळं समुद्राच्या प्रवाहांबरोबर वाहत आफ्रिकेला आणि ऑस्ट्रेलियाला लागली. वसईत आली ती आफ्रिकी जात. तिला मात्र माणसांनी गलबतांतून आणलं.

ब्रूम मोत्यांचं गाव. जपानी, मलायी, तिमोरी पाणबुडे आणि तिथले आदिवासी यांनी मिळून तो धंदा उभा केला, आणि त्यात कित्येकांचे जीव गेले. तिथल्या जपानी दफनभूमीत नऊशेहून जास्त जणांना मूठमाती मिळाली आहे.

आपल्या मुलांसाठी

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला. त्यात ठरल्याप्रमाणे भारतीय तरुणांना 'वर्क अँड हॉलिडे' व्हिशाच्या वर्षाला एक हजार जागा मिळाल्या. इच्छुक फार, म्हणून सोडत निघते. पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४मध्ये झाली, नोंदणीचं शुल्क २५ डॉलर. वय १८ ते ३०, बारावीनंतर दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे ५,००० डॉलर हाताशी, या मुख्य अटी. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिनेच काम करता येतं. म्हणजे नियमच माणसाला पुढे चालतं ठेवतो. दुसऱ्या वर्षासाठी जी कामं धरतात, त्यांत उत्तर ऑस्ट्रेलियातली मासेमारी आणि मोत्यांचं कामही आहे.

बरोबर सुका जवळा किंवा मसाला नेला, तर विमानतळावर तो कागदावर लिहून दाखवावा लागतो. लपवलं तर दंड होतो. उलुरू या ३४८ मीटर उंच तांबड्या खडकावर चढायला २६ ऑक्टोबर २०१९पासून बंदी आहे, कारण अनांगू लोकांसाठी तो पवित्र आहे. भोवतीच्या १०.६ किलोमीटरच्या वाटेने चालताना मात्र तो खडक सगळ्या अंगांनी दिसतो. ज्यांचे पूर्वज हजारो वर्षं त्या भूमीत पाणी शोधत आले, त्यांना विचारून चालणं हे बर्कच्या मोहिमेने शिकवलेलं पहिलं व्यवहारज्ञान आहे.

सॅक भरताना लोक कपड्यांचा आणि चार्जरचा विचार करतात. त्याआधी स्वतःला काय येतं, याचा हिशेब करावा. पाचूबंदरच्या मुलामुलींना पुष्कळ काही येतं: बिघडलेलं इंजिन खोलून जोडणं, दोरखंडाच्या पक्क्या गाठी, भरतीची वेळ तिथीवरून सांगणं, दहा माणसांचं कालवण एका टोपात करणं, पहाटे तीनला उठून कामाला लागणं. ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर या प्रत्येक गोष्टीची कुणाला तरी गरज पडते, आणि आपल्यालाही रोज कुणाची तरी पडते. मागायला लाजू नये आणि द्यायला मागे राहू नये. खंड ओलांडण्याची ही रीत तिथे जुनी आहे, आणि कोळीवाड्यात ती लहानपणीच शिकवली जाते.